जवळजवळ बसणारे चाक

दिवाळीच्या फराळाची भांडी माळ्यावरून खाली आली की बहुतेक घरांत एक छोटासा पेचप्रसंग उभा राहतो. सोऱ्या सापडतो, पण चकलीची ताटली सापडत नाही. शेजारणीकडून आणावी, तर ती केसभर मोठी निघते नाही तर केसभर लहान. मोठी असली तर प्रश्नच मिटला. ती बसतच नाही. लहान असली तर मात्र बसल्यासारखी वाटते, आणि दांडा दाबताच पीठ कडेने बाहेर येऊ लागते. तिथे नुकसान फार तर वाटीभर भाजणीचे. मोटारीच्या चाकाची गोष्ट निराळी आहे.

मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीच्या चाकांची उठाठेव कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण हल्ली ज्या घरी जावे तिथे एक मोटार आणि एक हौशी चिरंजीव असतातच. दसऱ्याला गाडीच्या गळ्यात झेंडूची माळ पडते आणि दिवाळीच्या आत चिरंजीवांना तिची चाके आवडेनाशी होतात. त्यांना हवी असतात रुंद, झगझगीत मॅग व्हील्स. दुसऱ्याच कुठल्या गाडीची, कुणीतरी वापरून काढलेली. चाके घरी येतात आणि मग कळते की, त्यांची भोके आपल्या गाडीला जुळत नाहीत. यावर उपाय म्हणून ‘अ‍ॅडॅप्टर’ नावाची एक जाड चकती बाजारात मिळते. आता वडिलांनी होय म्हणावे की नाही?

त्यासाठी आधी भोकांचा हिशेब समजून घेऊ. चाकाचे बोल्ट एका वर्तुळावर बसवलेले असतात. बोल्ट किती आणि त्या वर्तुळाचा व्यास किती, हे दोन आकडे सांगितले की चाकाचे कुलगोत्र कळते. टायरवाले या व्यासाला ‘पीसीडी’ म्हणतात. आपल्याकडील मारुती स्विफ्टला चार बोल्ट आणि 100 मिलिमीटर, इनोव्हा क्रिस्टाला पाच बोल्ट आणि 114.3, स्कोडा ऑक्टेव्हियाला पाच आणि 112. 114.3 हा विचित्र आकडा आला कुठून? तो म्हणजे बरोबर साडेचार इंच. मारुती जिप्सीचा 139.7 म्हणजे साडेपाच इंच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचेही हेच माप. मोजमापे मेट्रिक झाली, पण चाकांच्या पोटात इंच तसाच बसून राहिला.

चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजले की झाले. पाच असतील तर समोर भोकच नसते. मग शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर घ्यायचे आणि त्याला 1.7 ने गुणायचे. 112 च्या चाकात हे अंतर 65.8 मिलिमीटर भरते आणि 114.3 च्या चाकात 67.2. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा! डोळ्यांना तो दिसत नाही, आणि पट्टी धरणारा हात जरा हलला तर पट्टीलाही दिसत नाही.

खरा धोका इथेच आहे. जे चाक मुळीच बसत नाही ते कुणाचे वाईट करीत नाही. घात करते ते जवळजवळ बसणारे. जुन्या फियाट पालिओला चार बोल्ट आणि 98 मिलिमीटर होते. तिला 100 चे चाक लावू गेले तर प्रत्येक भोक फक्त एक मिलिमीटर सरकलेले असते. चाक चढते, नट फिरतात, पाना अडतो, आणि लावणारा हात झटकून म्हणतो, “बसलं की!” पण नटाचा तिरका तळ भोकाच्या एकाच कडेवर टेकलेला असतो.

यात एवढे भयंकर काय? आपली समजूत अशी असते की, खुंटीला कोट टांगावा तसे चाक बोल्टांवर टांगलेले असते. तसे ते नसते. नट नीट आवळला की पोलादी बोल्ट अगदी सूक्ष्मसा ताणला जातो, आणि तो ताण चाकाला हबवर घट्ट दाबून धरतो. गाडीचा बराचसा भार या दाबातून निर्माण होणारे घर्षण पेलत असते. नट तिरका बसला की दाब कमी पडतो, चाक डोळ्यांना न दिसेल इतके हलू लागते, आणि बोल्ट प्रत्येक फेऱ्यागणिक इकडून तिकडे वाकू लागतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते; बोल्टही तसाच तुटतो. तो अंगणात तुटत नाही. भरधाव गाडीखाली, घाटाच्या वळणावर तुटतो.

या जबरदस्तीपुढे अ‍ॅडॅप्टर हा पुष्कळच प्रामाणिक उपाय आहे. त्याचे काम आमच्या व्याकरणातल्या सामान्यरूपासारखे असते. ‘घोडा’ला ‘ला’ थेट चिकटत नाही. मध्ये ‘घोड्या’ यावा लागतो, मग ‘घोड्याला’ होते. अ‍ॅडॅप्टरला भोकांचा एक संच गाडीच्या मापाचा असतो. त्याने तो हबवर आवळला जातो. दुसऱ्या मापाचे बोल्ट त्यातच ठोकून बसवलेले असतात. त्यांवर नवे चाक चढते. दोन्ही बाजूंशी तो पुरता बांधलेला असतो.

या तोडग्याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. फोक्सवॅगन बीटल ही फर्डिनांड पोर्शे यांची निर्मिती, आणि त्यांच्या मुलाने 1948 साली काढलेली पहिली पोर्शे 356 ही बीटलच्याच सुट्या भागांवर उभी राहिलेली. दोघींच्या चाकांना पाच बोल्ट आणि 205 मिलिमीटर. पुढे 1960 च्या दशकात भाऊबंदकी झाली. पोर्शे पाच बोल्ट आणि 130 वर गेली. बीटल त्या दशकाच्या उत्तरार्धात चार बोल्ट आणि 130 वर आली. तेवढ्यात 1966 साली पोर्शे 911 एस गाडीबरोबर फुक्स कारखान्याची पाच पाकळ्यांची देखणी चाके आली आणि बीटलवाल्यांचा जीव त्यांच्यावर जडला. तुटलेले नाते पुन्हा जोडायला मध्यस्थ लागला, तो हा अ‍ॅडॅप्टर. अशा बीटल आजही हौशी लोकांकडे धावतात.

पण मध्यस्थाची दक्षिणा असतेच. चकती 25 मिलिमीटर जाड असली की प्रत्येक चाक तेवढे बाहेर सरकते आणि दोन चाकांमधले अंतर 50 मिलिमीटरने वाढते. बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंगची ओढ बदलते, आणि गाडीत पाचजण बसले की टायर मडगार्डला घासू शकतो. चकतीच्या मधले भोक हबच्या कंगोऱ्यावर आणि तिचा स्वतःचा कंगोरा चाकात चपखल बसला नाही, तर गाडी वेगात थरथरते. आणि स्टेपनी? ती जुन्याच भोकांची! रात्री खंडाळ्याच्या घाटात पंक्चर झाले की चाक काढून भागत नाही, चकतीही काढावी लागते. आणि तिचे नट खोलगट भोकांत दडलेले असल्यामुळे गाडीतला नेहमीचा पाना तिथे शिरेलच असे नाही.

कायद्याचेही बघावे. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की, नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा फेरफार गाडीत करू नये. जर्मनीत अशा चकत्यांना मान्यतेचे कागद लागतात आणि पुष्कळदा तपासनिसाला गाडी दाखवून नोंदही करून घ्यावी लागते. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोन्ही ठिकाणी विचारून घेतलेले बरे.

मला विचाराल तर चिरंजीवांना आपल्याच मापाची चाके घ्यायला सांगावे; तशी पुष्कळ मिळतात. तरीही त्यांचा हट्ट असेल, तर चकती ओतीव नको, घडीव आणि दोन्ही मापे नेमकी जुळणारी असावी. नट टॉर्कच्या पान्याने, सांगितलेल्या आकड्यावरच आवळावे. आणि एक अट मात्र वडिलांनी सोडू नये. अ‍ॅडॅप्टर लावला की नटांचे दोन संच होतात. बाहेरचे चमकतात, रोज दिसतात. आतले चाकामागे झाकलेले असतात. ते सैल झाले तरी कुणाला कळत नाही. म्हणून पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चारही चाके उतरवून आतले नट पुन्हा तपासायचे, आणि पुढेही अधूनमधून तपासत राहायचे. एवढे कष्ट घ्यायची तयारी असेल त्याने खुशाल हौस करावी. ज्याला याचा कंटाळा येईल, त्याने भाऊबीजेला बहिणीला घेऊन जाताना जुन्याच चाकांवर जावे.