देवदूतांचीं नांवें आणि आमच्या मुली

गेल्या पावसाळ्यांत शेजाऱ्यांच्या आईच्या समाचारासाठीं मी सावंगी (मेघे) येथील रुग्णालयांत गेलें होतें. आजीबाई हिंगणघाटाकडील एका खेड्यांतल्या. उभा जन्म शेतांत गेलेला. त्यांची शुश्रूषा करणारी मुलगी वीस-एकवीस वर्षांची, परिचारिकेचें शिक्षण घेणारी. तिच्या पोशाखावरील पट्टीवर ‘एंजेलिना’ असें नांव होतें. तें आजीबाईंच्या जिभेवर कांहीं केल्या बसेना; त्या तिला ‘अंजना’ म्हणत. शेवटीं त्यांनीं विचारलें, “तुह्या नावाचा अर्थ काय होते वं, माय?” मुलगी लाजून म्हणाली, “परी, आजी.” आजीबाईंनीं तिला नखशिखांत न्याहाळलें. “परी? मंग पंख कुठी ठेवले वं?” सारी खोली हंसली. मुलगीहि हंसली, पण तें हंसणें थोडें ओशाळवाणें होतें.

घरीं परततांना हा प्रसंग माझ्या मनांतून जाईना. वीस वर्षें जें नांव त्या मुलीनें वागविलें, त्याचा खरा अर्थ तिला कोणीं सांगितलाच नव्हता. परी आणि देवदूत हीं एक नव्हेत. ‘परी’ हा शब्द फारसींतून आमच्याकडे आला. त्याचें जुनें रूप पारशांच्या अवेस्ता ग्रंथांत ‘पइरिका’ असें आढळतें. आणि तेथें त्याचा अर्थ भुरळ घालून घात करणारी चेटकीण असा आहे! पुढें फारसी काव्यांत ती सुंदर व निरुपद्रवी झाली. आज कित्येक घरांत ‘परी’ आणि ‘एंजल’ हीं नांवें एकाच अर्थाचीं समजून लाडानें ठेवलीं जातात. लाडास माझी हरकत नाहीं. परंतु देवदूताच्या नांवांत लाडापेक्षां पुष्कळ मोठें कांहीं आहे, आणि तेंच मुलींस कोणी सांगत नाहीं, ही माझी तक्रार आहे.

एंजेला, एंजेलिना, एंजेलिका, एंजल या सर्व नांवांचें मूळ ग्रीक भाषेंतील ‘आंगेलोस’ हा शब्द होय. त्याचा अर्थ निरोप्या, जासूद. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेंत ‘मलाख’ हा शब्द येतो; त्याचाहि अर्थ तोच. त्याचाच भाऊ अरबी ‘मलक’. त्याचें अनेकवचन ‘मलाइका’. आणि तें मुलीचें नांव म्हणून आपल्या परिचयाचें आहे. फारसी ‘फिरिश्ता’ म्हणजे धाडलेला. ज्या जुन्या धातूपासून आपला ‘प्रेषित’ शब्द झाला, त्याच धातूशीं त्याचें नातें आहे. आपल्या ‘देवदूत’ शब्दाची फोड तर करावयासच नको. भाषा पांच झाल्या; पण एकींतहि पंखांचा उल्लेख नाहीं, रूपाचा नाहीं, गोऱ्या वर्णाचा नाहीं. सर्वांचा आशय एकच : कोणी तरी पाठविलें आहे आणि कांहीं काम सांगितलें आहे.

ज्या देवदूतांस स्वतंत्र नांवें आहेत, त्यांच्यावरून झालेलीं मुलींचीं नांवेंहि हेंच सांगतात. गब्रीएल म्हणजे ‘ईश्वर माझें बळ’, त्यावरून गब्रिएला. लूकच्या शुभवर्तमानांत मरियेकडे निरोप घेऊन येतो तो हाच. मीखाएल हें नांव म्हणजे खरें पाहतां एक प्रश्न आहे : ‘ईश्वरासारखा कोण?’ त्यावरून मिकाएला आणि फ्रेंच वळणाचें मिशेल. राफाएल म्हणजे ‘ईश्वरानें बरें केलें’. रोमन कॅथलिक बायबलांतील टोबिताच्या पुस्तकांत आंधळ्या पित्याची दृष्टि परत आणण्याचा उपाय तोच सांगतो. त्यावरून राफाएला, रुग्णालयांत वावरणाऱ्या मुलीस याहून साजेसें नांव कोणतें? यशया संदेष्ट्यानें पाहिलेले सेराफ म्हणजे जळते, पेटलेले, त्यांवरून सेराफिना. पारशी घरांतील ‘अरमैती’ हें नांवहि याच पंक्तींतलें. ती भक्तीचें रूप असून पृथ्वीची राखण करणारी मानली आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गब्रीएल, मीखाएल, राफाएल हीं मूळचीं पुरुषांचीं नांवें. शेवटीं एक आकार जोडून तीं मुलींचीं झालीं. नांवाबरोबर कामहि मुलींकडे आलें काय? पुष्कळदां आलें. इटलींतील एंजेला मेरीची हिनें १५३५ सालीं ब्रेशिया शहरीं संत उर्सुलेच्या नांवानें कुमारिकांचा संघ स्थापन केला, आणि पुढें त्या संघांतून मुलींच्या शिक्षणाचें फार मोठें कार्य उभें राहिलें.

कोणी म्हणेल, पाठविलेल्या तर अप्सराहि होत्या! खरें आहे. मेनकेला इंद्रानें पाठविलें, तें विश्वामित्राचें तप मोडावयास. पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०८ वें सूक्त पाहा. तेथें सरमा ही त्याच इंद्राची दूती होऊन, नदी ओलांडून पणींकडे जाते. त्यांनीं दडविलेल्या गाई तिला परत मागावयाच्या असतात. पणि तिला धाक दाखवितात. मग बहीण मानूं, गाईंचा वांटा देऊं, असें आमिष दाखवितात. सरमा तें नातें नाकारते आणि आपला निरोप निर्भयपणें सांगते. पाठविणारा एकच, परंतु एकीचें काम तप मोडण्याचें, तर दुसरीचें हिरावलेलें धन परत मिळविण्याचें. म्हणून नुसतें पाठविलें जाणें पुरेसें नाहीं. कशासाठीं पाठविलें आणि वाटेंत आमिष आलें असतां आपण काय केलें, यावर दूताची किंमत ठरते. पुढें संस्कृत काव्यांत ‘दूती’ हा शब्द प्रेमिकांच्या निरोपांपुरता उरला, हें त्या शब्दाचें दुर्दैव. सरमेचा दोष नव्हे.

दुसरा आक्षेप असा कीं, हीं नांवें परकीं आहेत. मराठी मुलीस मराठी नांवच शोभतें. मराठी नांवाचा मलाहि अभिमान आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज गांवीं झाला. तो दिवस संत मीखाएल व सर्व देवदूत यांच्या सणाचा. तरी महाराष्ट्रास त्या रमाबाईच राहिल्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत आल्या (आपला वर्धा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत होता) आणि निराधार मुलींस आपल्या आश्रयास घेऊन गेल्या. देवदूताचें नांव त्यांच्यापाशीं नव्हतें, काम होतें. लक्ष्मीबाई टिळकांनीं १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला, तरी त्या लक्ष्मीबाईच राहिल्या. याच्या उलट, मॅडलिन स्लेड ही इंग्रज बाई १९२५ सालीं गांधीजींकडे आली, मीरा झाली, आणि पुढें आपल्या वर्ध्याजवळील सेगांवांत येऊन राहिली. त्या सेगांवाचें टपाल चुकून शेगांवास जाऊं लागलें, म्हणून १९४० सालीं गांवासच ‘सेवाग्राम’ हें नांव मिळालें. अडचण टपालाची, पण नवें नांव निवडलें तें कामावरून. ज्या जिल्ह्यानें परदेशच्या बाईस मीरा म्हणून आपलें मानलें, त्यानें एंजेलिनेस परकें कां मानावें?

आठवड्यानें आजीबाईंस घरीं जाण्याची परवानगी मिळाली. त्या दिवशीं मी तेथें होतें. निघतांना त्यांनीं त्या मुलीचा हात धरला; रात्रीं किती वेळां तिनें उठून पाणी पाजलें, कूस बदलून दिली, तें सारें सांगितलें, आणि म्हणाल्या, “देवानंच धाडलं वं माय तुले.” मीं मुलीस बाजूस घेऊन तिच्या नांवाचा अर्थ सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे आजींना आधींच कळलें होतें!”

पालकांस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, मुलीचें नांव कोणत्याहि भाषेंतून घ्या; पण तिला समजूं लागतांच त्याचा अर्थ तिच्या स्वाधीन करा. पंखांचा पोशाख घालून काढलेलें चित्र चार दिवसांत जुनें होतें. अर्थ जन्मभर पुरतो. आणि विद्यार्थिनींनो, तुमचें नांव एंजेला असो, मलाइका असो कीं सरला असो, आज घरीं गेल्यावर तें कोणीं व कां ठेवलें हें विचारा. वर्गांत एखादीचें नांव वेगळें वाटलें, तर हंसण्यापूर्वीं तिला त्याचा अर्थ विचारा. आणि तो तिला ठाऊक नसेल, तर दोघी मिळून शोधा.