12 वर्षांच्या गुडघ्याला नी-कॅप

‘वाढीचं वय आहे, दुखणारच!’ टेनिस कोर्टाच्या जाळीबाहेर बसलेले आईबाप हे इतक्या सहज म्हणून जातात की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वाढीचं दुखणं मलाही ठाऊक आहे. ते रात्री येतं, बहुतेक वेळा दोन्ही पायांत, आणि सकाळी पोर उड्या मारत उठतं. पण सामना संपल्यावर जे मूल गुडघ्याच्या वाटीखालच्या नेमक्या उंचवट्यावर बोट ठेवून ‘इथे’ म्हणतं, त्याचं दुखणं निसर्गाच्या खात्यावर टाकू नका. मांडीच्या स्नायूंची सगळी ओढ तिथेच नडगीच्या हाडावर येते, आणि त्या वयात ती जागा पुरती हाड झालेली नसते, निम्मी कूर्चाच असते. दर पळापळीला, दर उडीला ती खेचली जाते. डॉक्टर याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेत झालं की सेव्हर्स. खांद्याची, कोपराची कथा वेगळी नाही.

आता दिनक्रम बघा. पहाटे फिटनेस, मग शाळा (असलीच तर, बाहेरून परीक्षेला बसवलं की तीही अडचण मिटते), संध्याकाळी तीन तास कोर्ट. स्पर्धा असेल तर 14 खालचा गट, त्यावर हौसेने 16 खालचाही, शिवाय दुहेरी. सगळं हार्ड कोर्टावर. मुलांच्या दुखापती पाहणारे डॉक्टर एक साधा आडाखा देतात: मुलाचं वय जितकं, आठवड्याला तितकेच तास खेळ. म्हणजे 12 वर्षांच्या पोराला 12 तास. आमच्याकडे ते गुरुवारीच संपतात. पुढचे तीन दिवस कुणाच्या हिशेबात?

कमरेचं तर विचारूच नका. किक सर्व्हिससाठी पाठ मागे वाकवून पिळायची, ती रोज शेकडो वेळा. ब्रिटनमध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर मुळीच दुखत नसलेल्या 33 अव्वल किशोर खेळाडूंचे एमआरआय काढले. निर्दोष निघाले फक्त 5. न दुखणाऱ्यांची ही गत, आणि आपण दुखणाऱ्याला स्प्रे मारून पुन्हा कोर्टावर ढकलतो.

ट्रेसी ऑस्टिन 16 व्या वर्षी, 1979 मध्ये, अमेरिकन ओपन जिंकली हे प्रत्येक टेनिसबापाला पाठ असतं. विशीच्या उंबरठ्यावरच पाठीने तिची कारकीर्द खिळखिळी केली, हे मात्र कुणाला आठवत नाही. अँड्रिया येगरचा खांदाही असाच, विशीच्या आत गेला. पुढे जेनिफर कॅप्रियातीची फरपट जगाने पाहिली आणि 1995 पासून महिला टेनिसमध्ये वयाचे कडक नियम आले: 14 च्या आत व्यावसायिक स्पर्धा नाही, त्यानंतरही वर्षाला मोजक्याच. उत्तम! पण हा नियम व्यावसायिक स्पर्धांपुरता. घरातल्या महत्त्वाकांक्षेला कुठलाच नियम लागू होत नाही.

आणि प्रशिक्षक? दहा वर्षांखालच्यांसाठी संथ, मऊ चेंडू आहेत, ते बापाला कमीपणाचे वाटतात. ‘पिवळ्या बॉलवर कधी घेणार?’ ही त्याची भुणभुण, आणि फी बुडू नये म्हणून सर घेतातही. मनगट काडीएवढं, हातात मोठ्यांची 27 इंची रॅकेट, तिच्यात ताठ पॉलिएस्टरची तार, कारण टीव्हीवरचे तीच वापरतात. पी हळद अन् हो गोरी!

पोरंही तयार होतात. दुखतं म्हणणारा ‘नाटकी’ ठरतो हे त्यांना बॅकहँडच्या आधी कळतं. मग विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘आता नाही दुखत.’ लंगडत लंगडत देतात ते.

एखाद्या डॉक्टरने सहा आठवडे रॅकेटला हात लावायचा नाही असं बजावलं, तर बापाचा पहिला प्रश्न, ‘पॉइंट्सचं काय?’ मग दुसरा डॉक्टर, मग तिसरा. ‘पट्टी बांधून खेळू द्या’ म्हणणारा कुणीतरी सापडतोच, आणि तोच फॅमिली डॉक्टर होतो.