बॉनेटला झरोके पाडण्यापूर्वी

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग आपल्या भंडारा जिल्ह्यातून जातो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, की रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी मालवाहू गाडी तुम्ही पाहिली असेलच. नव्या ट्रकांना पुढे आलेले बॉनेट क्वचितच असते. पण जुने ट्रक, जीप आणि पिकअप यांना ते असते. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, बॉनेटला झरोके पाडा. कोणी म्हणतो, बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड उचलून ठेवा. माझे मत असे, की पत्र्याला हात लावण्यापूर्वी मोजमाप झाले पाहिजे.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. रेडिएटरमधील पाणी 95 अंश तापले आहे असे धरा. जानेवारीच्या पहाटे हवा 15 अंश असेल, तर दोहोंतील फरक 80 अंश. मेच्या दुपारी तो उरतो 50 अंश. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते. म्हणजे तितकाच वारा मिळाला, तर उन्हाळ्यात रेडिएटर पाच अष्टमांश एवढेच काम करतो. हवा अधिक खेळली पाहिजे, हे मिस्त्रींचे म्हणणे खरेच आहे.

पण केवळ भोक पाडल्याने हवा वाहत नाही; ती दाबातील फरकामुळे वाहते. धावत्या गाडीत समोरच्या काचेपाशी हवा अडते आणि बॉनेटच्या मागच्या कडेवर दाब वाढतो. तेथे फट ठेवली, तर गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरचीच हवा आत शिरू शकते आणि रेडिएटरमधून येणारा प्रवाह मंदावतो. गाडी उभी असताना मात्र याच फटीतून गरम हवा वर निघून जाते. एकच उपाय एका वेळी तारक, तर दुसऱ्या वेळी मारक ठरतो!

हा दाब असतो तरी किती? ताशी 60 किलोमीटर वेगाला फार तर 15 मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. वेग 20 वर आला, की वर्गाच्या नियमाने तो नवव्या हिश्श्यावर येतो. भरलेली गाडी चढावर हळू जाते, इंजिन खूप तापते, तेव्हा हवा आणतो तो पंखाच. म्हणून पंख्याचा पट्टा सैल आहे का, पंख्याभोवतीचे कडे शाबूत आहे का, धानाचे कुटार रेडिएटरच्या जाळीत अडकले आहे का, हे आधी पाहावे. यांना खर्च थोडा आणि पत्राही शाबूत राहतो. मात्र रेडिएटर तापलेला असताना त्याचे झाकण कधीही उघडू नये; दाबाखालचे पाणी उसळून अंग भाजते.

शिक्षकांना माझी विनंती आहे. पुठ्ठ्याची गाडी करून तिच्या बॉनेटवर लोकरीचे आखूड धागे चिकटवा आणि ती टेबल-फॅनसमोर ठेवा. धागे कोठे सरळ राहतात, कोठे उलटे फिरतात, याची विद्यार्थ्यांकडून आकृती काढून घ्या. मग ती आकृती घेऊन गावातल्या गॅरेजमध्ये जा. मिस्त्रींच्या अनुभवाला हसण्यासाठी नव्हे, तर तो त्यांच्याबरोबर बसून तपासण्यासाठी. गाडी बंद पडली, की चालकाची दिवसाची कमाई बुडते. तेव्हा हा प्रश्न परीक्षेतल्या पाच गुणांहून नक्कीच मोठा आहे.