शैवाकातील अंमल आणि वसुली

सहकाराचे माहात्म्य सांगावयास निघालेला वक्ता निसर्गातील दाखला म्हणून हटकून शैवाकाकडे, म्हणजे ज्याच्या काही जाती आपल्याकडे दगडफूल या नावाने गोड्या मसाल्यात पडतात त्याकडे, बोट दाखवितो. कवकाने आसरा द्यावा, शैवलाने अन्न द्यावे आणि उभयतांनी गुण्यागोविंदाने नांदावे, हे चित्र शालेय पुस्तकांतून इतके रूढ झाले आहे की त्यातील जमाखर्च तपासण्याची कोणास गरजच वाटत नाही. मला तो दाखला मान्य नाही, आणि माझी हरकत नायट्रोजनच्या व्यवहारापुरती आहे.

उत्तरेकडील थंड अरण्यांत आढळणाऱ्या पेल्टिजेरा ॲफ्थोसा या शैवाकात कवक, हिरवे शैवल आणि नॉस्टॉक हा नीलहरित जीवाणू असे तिघे राहतात. पैकी नॉस्टॉक पृष्ठभागावरील काळसर पुटकुळ्यांत कोंडलेला असतो, आणि हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया घडविणारे नायट्रोजनेज हे एंझाइम एकट्या त्याच्याच पदरी असते. स्वतंत्र जगणारा नॉस्टॉक हा अमोनिया ग्लुटामिन सिंथेटेज या दुसऱ्या एंझाइमच्या साह्याने तत्काळ आपल्या खजिन्यात भरतो, आणि भरणा पुरेसा झाला की नायट्रोजनेजचे काम मंदावते. डंडी येथे स्ट्यूअर्ट यांच्यासमवेत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ ए. एन. राय प्रभृतींनी १९८० नंतरच्या काही वर्षांत दाखविले ते असे, की पुटकुळीतील नॉस्टॉकमध्ये नेमके हे दुसरे एंझाइम अत्यल्प उरते. मग अमोनिया पेशीबाहेर झिरपतो, कवक ग्लुटामेट डिहायड्रोजनेजच्या द्वारे त्याची वसुली करते, आणि एवढे उत्पन्न काढणारी पेशी आपण उपाशीच आहोत अशा अवस्थेत राबत राहते. मुक्त नॉस्टॉकच्या शंभर पेशींपैकी पाचएक या कामास जुंपलेल्या असतात, तेथे पुटकुळीत वीसांहून अधिक! तोच नॉस्टॉक बाहेर काढून वेगळा वाढविला म्हणजे ते एंझाइम पुन्हा पूर्ववत् आढळते, हे ध्यानात घेतले तर दोष जीवाणूच्या प्रकृतीचा नसून कवकाच्या अमलाचा आहे, याविषयी शंका उरू नये.

श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६९ साली कवकास धनी आणि शैवलास गुलाम म्हटले, तेव्हा तत्कालीन शैवाकतज्ज्ञांनी त्याची यथेच्छ टर उडविली. गुलामी हा शब्द मीही वापरणार नाही, कारण पुटकुळीत नॉस्टॉकला निवारा मिळतो, आणि निवाऱ्याचे मोल थोडे नाही. परंतु ज्या व्यवहारात एक पक्ष दुसऱ्याच्या तिजोरीचे कुलूपच निकामी करून ठेवतो, त्याला सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत आदर्श म्हणून मिरविणे मला प्रशस्त वाटत नाही. आणि पाठ्यपुस्तक मंडळींनी आसरा व अन्न यांच्या त्या सुबक वाक्याशेजारी या वसुलीचा निदान एक परिच्छेद घालावा, इतकी मागणी करण्यास हरकत नसावी.