एकाचं भांडण, सगळ्यांचं युद्ध

बालमित्रांनो, परवा मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतली दोन मुलं गोट्यांवरून भांडली. मी मैदानात पोचेपर्यंत अकरा जण धुळीत लोळत होते! एकेकाला उभं करून विचारलं, "तू का रे मध्ये पडलास?" प्रत्येकाचं उत्तर एकच : "बाई, तो माझा दोस्त आहे!" भांडण कशावरून, हे मात्र नऊ जणांना ठाऊकच नव्हतं.

हसू नका हं! १९१४ साली मोठमोठ्या राष्ट्रांनीही असंच केलं.

युरोपचा नकाशा समोर घ्या. त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरी हे तिथलं बलाढ्य साम्राज्य होतं आणि त्याच्या दक्षिणेला होता चिमुकला सर्बिया. सर्बियाचे शेतकरी डुकरं पाळत आणि ती ऑस्ट्रियाला विकत. पुढे सर्बिया फ्रान्सकडून तोफा घेऊ लागला, इतरांशी व्यापाराचे करार करू लागला. ऑस्ट्रियाला ते खपलं नाही. १९०६ साली त्याने सर्बियाच्या डुकरांना आपली सरहद्द बंद केली. या भांडणाला नावच पडलं 'डुकरांचं युद्ध'! सर्बिया नमला नाही, त्याने दुसरी गिऱ्हाइकं शोधली. मग १९०८ साली ऑस्ट्रियाने शेजारचा बोस्निया आपल्या राज्याला जोडून टाकला. तिथे पुष्कळ सर्ब लोक राहत. मनातली अढी आणखी घट्ट झाली.

२८ जून १९१४ रोजी बोस्नियातल्या साराजेव्हो शहरात गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. बरोबर एक महिन्याने ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं.

आता साखळी कशी ओढली गेली बघा. सर्बियाचा पाठीराखा रशिया. त्याने फौजा गोळा केल्या. ऑस्ट्रियाचा दोस्त जर्मनी. त्याने १ ऑगस्टला रशियाविरुद्ध आणि ३ ऑगस्टला रशियाचा दोस्त फ्रान्स याच्याविरुद्ध युद्ध पुकारलं. फ्रान्सवर चालून जाण्यासाठी जर्मन फौजा मधल्या बेल्जियममध्ये घुसल्या. बेल्जियमला तटस्थ राहू देण्याची हमी ब्रिटनने १८३९ सालच्या तहात दिली होती. ४ ऑगस्टला ब्रिटनही उतरला. आठ दिवसांत पाच बडी राष्ट्रं लढाईत!

खरं तर 'माझ्या पाठीशी दोस्त आहे, आता कोण माझ्या वाटेला जाईल?' असं वाटूनच प्रत्येकाने हे करार केले होते. व्यापाराचाही मोठा भरवसा होता. जर्मनी आणि ब्रिटन तर एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं. गिऱ्हाइकाशी कोण लढेल? पण लढले! उलट व्यापारानेच युद्ध आणखी पसरलं. अमेरिका ब्रिटन-फ्रान्सला माल आणि कर्ज देत होती. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवू लागल्या आणि १९१७ साली अमेरिकाही युद्धात आली.

आणि आपला देश? आपल्याला तर कुणी विचारलंसुद्धा नाही. राज्य ब्रिटिशांचं, त्यामुळे ब्रिटन लढाईत म्हणजे हिंदुस्थानही लढाईत! दहा लाखांहून जास्त हिंदी सैनिक समुद्रापार गेले. सुमारे ७४ हजार परत आलेच नाहीत. आपल्या मराठा पलटणी आजच्या इराकमध्ये लढल्या. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एकाच गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. सांगा बरं, त्या शेतकऱ्यांच्या मुलांचं साराजेव्होशी काय भांडण होतं?

म्हणून मी त्या नऊ जणांना एकच सांगितलं. दोस्ताला साथ जरूर द्या. पण हात उगारण्याआधी त्याला विचारा, "भांडण कशाचं आहे? चूक कुणाची? मिटवता येईल का?" असं विचारणारा दोस्त पळपुटा नसतो. तोच खरा दोस्त.

पालकांनो, आपल्या गावात त्या महायुद्धाच्या आठवणीची एखादी जुनी पाटी असेल, तर या रविवारी मुलांना तिथे घेऊन जा. पाटीवर काय लिहिलंय ते त्यांनाच मोठ्याने वाचू द्या.