शेणापलीकडचा गोबरगॅस

गोबरगॅस म्हणताच केवळ शेण आठवावे, हा आपल्या नियोजनाचा दोष होय. केंद्र सरकारचा १९८१-८२ चा राष्ट्रीय प्रकल्पही प्रामुख्याने शेणाभोवतीच रचला गेला. वस्तुतः शेण म्हणजे जनावराने सत्त्व शोषून टाकलेला चोथा! पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पिष्टमय खरकट्यावर संयंत्र चालवून दाखविले. त्या कार्यास २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार लाभला. मात्र पिष्ट झपाट्याने आंबते. बेसुमार भरणा झाला की आम्ल साचते, मिथेन निर्माण करणारे जिवाणू मंदावतात, वायू थांबतो. मुळशीतील कोळवणसारख्या भातखोऱ्यात उद्या खाद्यपदार्थांचा कारखाना आला, तर संयंत्राची कागदोपत्री मंजुरी पुरणार नाही. रोजचा भरणा तपासणारा जाणकारही हवा. अन्यथा आंबलेले सांडपाणी ओढ्यात सुटेल आणि भुर्दंड खालच्या शिवारातील शेतकऱ्यास पडेल.