पहिल्या सरीचे पाणी तपासा

कपाशीला पात्या-फुले धरली की विदर्भात फवारणीचा जोर वाढतो. आधी मावा-तुडतुडे, मागोमाग बोंडअळी. पाठीवर पंप, बांधावर पाण्याचा ड्रम आणि काम आटोपल्यावर पंप धुवायला शेजारचा नाला. दुपारी मारलेले औषध संध्याकाळच्या सरीने धुऊन निघाले, तर शेतकरी कपाळाला हात लावतो आणि उधारीवर दुसरी बाटली आणतो. पहिली बाटली कुठे गेली, हे मात्र कोणी विचारत नाही. ती ओढ्यात गेलेली असते.

त्याच ओढ्यातला एखादा गोटा उचलून उलटा करावा. खालच्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे, नखाहून लहान किडे लगबगीने सरकताना दिसतील. ती मेफ्लायची पिल्ले. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत दुसरी एखादी अळी बसलेली असते. तळच्या गाळात चतुराची पिल्ले दबा धरून असतात. मळ्या, मरळ, झिंगे, काठावरचा खंड्या या सगळ्यांची भाकरी या गोट्याखाली आहे. आणि कीटकनाशक पिकावरची कीड व पाण्यातला कीटक यांत भेद करत नाही. सायपरमेथ्रिनसारखे औषध लिटरभर पाण्यात मायक्रोग्रॅमच्या अंशाएवढे असले, तरी यांतल्या नाजूक जातींना पुरे होते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जे लगेच मरत नाहीत, त्यांची गोट्यावरची पकड सुटते आणि ते वाहून जातात. लोंढा काही तासांत ओसरतो. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ दिसते आणि गोट्याखाली काही नसते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मासे आणि वन्यजीवांसाठी योग्य पाण्याचा 'ड' वर्ग आहे. त्याच्या कसोट्या तीन: सामू, विरघळलेला प्राणवायू, मुक्त अमोनिया. कीटकनाशकाचे नावही नाही. म्हणजे मासे जगवण्यासाठी आखलेल्या कसोटीला ओढा उतरू शकतो आणि त्याच ओढ्यातले माशांचे खाद्य संपलेले असू शकते. शिवाय नमुने मोठ्या नद्यांच्या ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी घेतले जातात. विष मात्र सरीच्या वेळी येते आणि आधी लहान ओढ्यात येते.

जर्मनीत लाइपझिगच्या हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्राने 2018 आणि 2019 मध्ये नेमकी हीच गफलत सुधारली. शंभरावर ठिकाणी लहान ओढ्यांकाठी यंत्रे बसवली. पावसाने पाण्याची पातळी पाच सेंटिमीटर चढली, की यंत्र आपोआप नमुना घेई. या नमुन्यांत एरवीच्या नमुन्यांपेक्षा कितीतरी जास्त विष निघाले आणि सुमारे 81 टक्के ओढ्यांत परवानगीची मर्यादा ओलांडलेली आढळली. जिथे कायदा कडक आणि शेतकरी प्रशिक्षित, तिथली ही गत.

कीटक मेल्याने पुढे काय होते, हे जपानच्या शिंजी सरोवराने दाखवले आहे. भोवतालच्या भातशेतीत 1993 पासून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक वापरात आले. पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांचे वजन 83 टक्क्यांनी घटले. त्यांच्यावर जगणाऱ्या स्मेल्ट माशाची वार्षिक पकड 240 टनांवरून 22 टनांवर आली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही साखळी जुळवून दाखवली. मासे विषाने मेले नाहीत, उपासमारीने गेले. हेच इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे कपाशीच्या बियाण्याला चोळलेले असते आणि ते पाण्यात सहज विरघळते.

महाराष्ट्राला हे मोजता येत नाही, असे कोणी म्हणू नये. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, निर्यात अडचणीत आली आणि त्यानंतर अंश-तपासणीची पक्की व्यवस्था उभी राहिली. पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठात अंशांवर काम चालते. परदेशी ग्राहकाच्या घडासाठी जी काटेकोर तपासणी आपण करतो, तीच बागेखालच्या ओढ्यासाठी करायला हवी. तिथे गावची गुरे पाणी पितात.

यात शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. विषाचा पहिला घाव त्याच्याच अंगावर बसतो. दुकानदार सांगेल ते औषध, सांगेल तेवढे मिसळायचे, एवढाच सल्ला त्याच्या वाट्याला येतो.

कामाला फार पैसाही लागत नाही. जर्मन यंत्रे महाग असतील, तर ओढ्यात खांब रोवून त्याला वेगवेगळ्या उंचीवर बाटल्या बांधता येतात. पाणी चढले की त्या भरतात. तालुक्याच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी जाळी घेऊन फवारणीआधी आणि नंतर तळचे कीटक मोजू शकतात. नमुने विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी तपासावेत, आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाने तालुकावार जाहीर करावेत आणि 'ड' वर्गाच्या कसोटीत कीटकनाशकांची भर घालावी, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा. कपाशी, द्राक्षे, भात आणि ऊस अशा प्रत्येक पट्ट्यातले दहा ओढे निवडले तरी सुरुवात होईल. मृगाच्या आधी खांब रोवले गेले, तर या खरिपातली पहिली फवारणी आणि तिच्यामागून येणारी पहिली सर, दोन्ही बाटलीत सापडतील.